ब्लेड आधी, यंत्र नंतर

घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्यांच्या हत्यारांत बँडसॉ बहुधा उशिरा येतो. आधी हातकरवत, रंधा, पटाश्या; मग ड्रिल, जिगसॉ; जागा असेल तर छोटा टेबल सॉ. तोवर बरीच कामं निभतात. अडतं ते दोन ठिकाणी. खुर्चीचा बाकदार पाय जिगसॉने कापायला घेतला, तर वर रेघेवरून नीट चाललेलं ब्लेड दोन इंच खाली भलतीकडेच गेलेलं असतं. आणि सागवानाच्या ठोकळ्यातून पातळ फळ्या काढायच्या झाल्या, तर टेबल सॉ दर चिरेला तीनेक मिलिमीटर लाकडाचा भुसा करतो. बँडसॉची चीर एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि बाक तर तो सहज काढतो. जाड लाकडात वळण घेणं आणि जाड लाकूड उभं चिरून पातळ करणं, ही दोन्ही कामं लहान जागेत त्याच्याइतकी चांगली दुसरं कुठलं यंत्र करत नाही.

खरेदीला गेलं की मात्र आकड्यांचा मारा होतो. ८ इंची, ९ इंची, १२ इंची. अडीचशे वॉट, अर्धा हॉर्सपॉवर. अमुक इतकं टेबल, तमुक इतकी खोली. यातला कुठला आकडा धरायचा आणि कुठला सोडायचा? माझं उत्तर सरळ आहे. लाकूड कापतं ते ब्लेड. चाकं, सांगाडा, मोटर हा सगळा पसारा त्या ब्लेडला ताणून धरायला आणि फिरवायला आहे. म्हणून प्रत्येक आकडा वाचताना एवढंच विचारायचं, की या यंत्रावर किती रुंदीचं ब्लेड, किती ताणून, किती सरळ चालेल?

या यंत्राचा इतिहासही हेच सांगतो. दोन चाकांवरून फिरणाऱ्या, टोकं जोडलेल्या पोलादी पट्टीने लाकूड कापायची कल्पना विल्यम न्यूबेरी या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मांडली आणि तिचं पेटंटही मिळवलं. पण चाकांवरून सतत वाकून पट्टी तुटायची, नाहीतर तिचा सांधा सुटायचा. पुढे जवळपास चाळीस वर्षं कल्पना तशीच पडून राहिली. अ‍ॅन पोलिन क्रेपँ या फ्रेंच बाईने सांधा टिकेल अशी जोडणीची पद्धत काढली, १८४६ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ती वापरण्याचा हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीला विकला. त्या कंपनीने चांगलं पोलाद आणि चांगलं पाणी देण्याची रीत त्याला जोडली, तेव्हा कुठे बँडसॉ खऱ्या अर्थाने चालू लागला.

९ इंची म्हणजे काय

बँडसॉचा इंचातला आकार म्हणजे त्याच्या चाकाचा व्यास. ब्लेड खाली उतरतं तिथपासून सांगाड्याच्या उभ्या खांबापर्यंतचं अंतर त्याहून थोडं कमी भरतं. ९ इंची यंत्रात फळीचा साधारण पावणेनऊ इंचांचा भाग ब्लेड आणि खांबाच्या मधे मावतो. मोठ्या फळीच्या मधोमध गोल कापायचा असेल तर हे माप महत्त्वाचं. एरवी ते फारसं आड येत नाही, कारण फळी फिरवून बहुतेक वेळा वाट काढता येते.

दुसरं माप उंचीचं : टेबलापासून वरचा गाइड, म्हणजे ब्लेडला जागेवर धरणारा आधार, जास्तीत जास्त जिथवर चढतो तिथपर्यंत. ८ आणि ९ इंची यंत्रांत हे ८० ते १०० मिलिमीटर असतं, १० इंचीत मॉडेलप्रमाणे चार ते सहा इंच, आणि जुन्या घाटाच्या १४ इंचीत सहा इंच. खरेदीदार फसतो तो इथे. चार इंच लिहिलंय म्हणजे चार इंच रुंदीचं सागवान उभं धरून चिरता येईल, असं तो समजतो. तेवढं लाकूड गाइडखाली मावतं हे खरं. ते सरळ चिरलं जाईल की नाही, हे ब्लेडच्या ताणावर ठरतं.

हा ताण किती लागतो, ते पाहू. सुतारी मापात आठ सूत म्हणजे एक इंच. जाड लाकूड उभं चिरायला चार सुती, म्हणजे अर्धा इंची ब्लेड चांगलं. ते साधारण ०.६३ मिलिमीटर जाड असतं. १२.७ मिलिमीटर रुंदीतून दातांच्या खाचांचे तीन मिलिमीटर वजा केले, तर ताण सोसणारा भाग उरतो ९.७ मिलिमीटरचा. गुणाकार केला की छेद येतो सुमारे सहा चौरस मिलिमीटर. साध्या कार्बन स्टीलच्या ब्लेडला दर चौरस मिलिमीटरमागे किमान दहा किलोंच्या आसपास ताण द्यावा लागतो. म्हणजे साठ किलो. वरच्या चाकाला ब्लेडच्या दोन बाजू खाली ओढतात, तेव्हा चाकाच्या आसावर भार पडतो एकशेवीस किलोंचा. वीस किलो वजनाच्या, पत्र्याच्या सांगाड्यावर दोन माणसांचं ओझं टांगल्यासारखंच झालं. सांगाडा किंचित वाकतो, ब्लेड ताणणारी स्प्रिंग पुरती दबते, आणि तरी ब्लेडला हवा तेवढा ताण मिळत नाही. सैल ब्लेड जाड लाकडात पोट काढतं. बाहेर आलेल्या फळीची एक कड जाड आणि एक पातळ निघते, किंवा मधोमध खोलगट.

आता तोच हिशेब दोन सुती, ०.३५ मिलिमीटर जाडीच्या ब्लेडचा करू. ताण सोसणारा भाग साडेचार मिलिमीटर, छेद जेमतेम दीड-पावणेदोन चौरस मिलिमीटर, आणि आसावरचा भार तीस-पस्तीस किलो. एवढं ओझं लहान यंत्र आरामात पेलतं. ९ इंची यंत्राची खरी ताकद या ब्लेडात आहे. माहितीपत्रकात अर्ध्या इंचापर्यंतचं ब्लेड बसतं असं छापलेलं असलं, तरी ते फक्त बसतं.

जाडीचा प्रश्न आणखी एका अंगाने येतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच ब्लेडचं आहे. ९ इंची यंत्राचं ब्लेड सुमारे १,५७५ मिलिमीटर लांब असतं आणि सेकंदाला तेरा-चौदा मीटर वेगाने धावतं. म्हणजे सेकंदाला आठ-नऊ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत दोन चाकांवर दोनदा वाकणं. मिनिटाला हजारभर वेळा. प्रत्येक वाकण्यात पोलादावर येणारा ताण ब्लेडच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो आणि चाकाच्या व्यासाच्या प्रमाणात कमी होतो. ०.६३ मिलिमीटरचं ब्लेड १४ इंची चाकावर महिनोन्महिने चालतं. ९ इंची चाकावर त्याला दीडपटीहून जास्त ताण सोसावा लागतो आणि ते दातांच्या मुळाशी तडकतं. बाजारात रिळातून कापून, जोडून मिळणारं ब्लेड बहुधा मोठ्या यंत्रांसाठीचं, जाड असतं. ते आपल्या यंत्राच्या लांबीचं करून घेतलं आणि दोन दिवसांत तुटलं, तर दोष दर वेळी वेल्डिंगचा नसतो.

याच कारणाने तीन चाकी बँडसॉपासून दूर राहिलेलं बरं. तीन छोटी चाकं त्रिकोणात बसवली की खांबापर्यंतचं अंतर वाढतं आणि यंत्र आटोपशीर राहतं. पण चाकं लहान झाल्याने ब्लेड जास्त तीव्र वाकतं आणि तिन्ही चाकांवर ते नीट चालवणंही किचकट होऊन बसतं.

कामाप्रमाणे ब्लेड

ब्लेड जितकं अरुंद, तितकं वळण लहान. एक सुती ब्लेड सुमारे ५ मिलिमीटर त्रिज्येचं वळण घेतं, दोन सुती १६ मिलिमीटरचं, तीन सुती साधारण ३७ चं आणि चार सुती ६४ चं. खेळणी, चमच्यांचे आकार, खुर्चीचे पाय, पेटीचे बाक यांना दोन सुती पुरतं. सरळ चिरायला उपलब्धांतलं सगळ्यात रुंद घ्यावं. मात्र सगळ्यात रुंद म्हणजे यंत्र नीट ताणू शकेल तेवढंच. लहान यंत्रात ती हद्द बहुधा तीन सुतांवर संपते.

दातांचं गणित त्याहून सोपं. दर इंचाला किती दात, यावर ब्लेड मोजतात. दोन दातांमधली खाच लाकडातून बाहेर पडेपर्यंत भुसा सांभाळते. तीन इंच जाड लाकडात इंचाला ६ दात असलेलं ब्लेड घातलं, तर एका वेळी १८ दात लाकडात असतात. इंचाला १४ दात असले तर ४२. त्या बारीक खाचा अर्ध्या वाटेतच भरतात, भुसा घासतो, लाकूड करपल्याचा वास येतो आणि ब्लेड वाट सोडतं. उलट सहा मिलिमीटरच्या प्लायवुडला इंचाला ३ दातांचं ब्लेड लावलं तर एकही दात धड लाकडात नसतो आणि कडा फाटतात. म्हणून जाड लाकूड चिरायला ३ ते ४, रोजच्या कामाला ६, पातळ प्लायवुडला १० ते १४ असा साधा हिशेब ठेवावा. नव्या यंत्राबरोबर मिळणारं ब्लेड अनेकदा सुमार असतं. त्याच्यावरून यंत्राला नावं ठेवू नयेत आणि त्याच्यावर समाधानही मानू नये.

आपल्याकडे सागवानाचा मुद्दा वेगळा. सागात सिलिका असते. तिने साध्या ब्लेडची धार लवकर जाते. त्यातून लाकूड जुन्या वाड्याच्या तुळईतून किंवा चौकटीतून आलेलं असेल तर आत खिळे दडलेले असतात. वर दिसणारे काढले तरी डोकं तुटून आत राहिलेला एक खिळा अख्ख्या ब्लेडचे दात साफ करतो. लोहचुंबक दोरीला बांधून लाकडावरून हळूहळू फिरवावं. जिथे ते ओढ घेईल तिथे खूण करावी. बायमेटल ब्लेड महाग असलं तरी सागावर जास्त टिकतं. कार्बाइडच्या दातांचं ब्लेड आणखी टिकाऊ, पण ते बहुधा जाड आणि रुंद असतं, म्हणून लहान यंत्राच्या वाट्याला जात नाही.

मग कुठलं यंत्र

गॅलरीत किंवा खोलीच्या कोपऱ्यात काम चालतं, बहुतेक काम दोन इंचांच्या आतल्या लाकडात आणि वळणांचं आहे, यंत्र वापरून झाल्यावर उचलून ठेवायचं आहे : अशांना ८ किंवा ९ इंची यंत्र शोभतं. दोन सुती आणि तीन सुती ब्लेड, पाव ते अर्धा हॉर्सपॉवरची मोटर, वजन वीस किलोंच्या आसपास. या दोन्हींत निवड असेल तर मोटरपेक्षा सांगाडा आणि गाइड कुणाचा चांगला ते पाहावं.

अधूनमधून चार इंची फळी उभी चिरायची असेल तर १० इंचीचा विचार करावा. त्यातही बिडाचं टेबल आणि जाड पत्र्याचा वेल्डिंग केलेला सांगाडा असेल तर. वाद्यांच्या पट्ट्या, पेट्यांच्या पातळ बाजू, जुळ्या रेघांच्या फळ्या हेच मुख्य काम असेल, तर मन घट्ट करून १२ किंवा १४ इंची घ्यावं. त्याला कायमची जागा लागते आणि किमान पाऊण-एक हॉर्सपॉवर लागतो. अमेरिकेत मिलवॉकीच्या डेल्टा कंपनीने १९३० च्या दशकात बिडाच्या सांगाड्याचा १४ इंची बँडसॉ आणला. त्याचा सांगाडा दोन तुकड्यांत आहे; मधे ठोकळा बसवला की सहा इंचांची उंची बारा होते. ही रचना इतकी चालली, की तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं तिच्या आवृत्त्या काढल्या. उंची वाढवली तरी मोटर आणि स्प्रिंग तीच राहिली, तर बारा इंच लाकूड चिरताना ती धापा टाकते, हे तेवढं ध्यानात ठेवावं.

मोटरच्या वॉटबरोबर एस-१ किंवा एस-२ लिहिलेलं असतं. एस-१ म्हणजे तेवढ्या शक्तीवर मोटर सलग चालू शकते. एस-२ म्हणजे पुढे लिहिलेली मिनिटंच. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा अनेकदा दुसरा असतो. परदेशातून नातेवाईक यंत्र आणून देणार असेल तर आणखी एक खोच आहे. अमेरिकेतली ११० व्होल्टची मोटर ट्रान्सफॉर्मरवर चालवता येते, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, ६० हर्ट्झचे ५० हर्ट्झ झालेले तो बदलत नाही. इंडक्शन मोटर सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि तापते.

दुकानात पाहायच्या गोष्टी

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा आपल्या गावच्या हत्यारांच्या बाजारात यंत्र उघडून दाखवतात. ते दाखवायला लावावं. प्लग काढलेला असताना वरचं चाक हाताने फिरवा. रबराचा टायर सगळीकडे सारखा बसलाय का, चाक डोलतंय का, ब्लेड टायरच्या मधोमध राहतं का, हे दिसतं. मग ब्लेड ताणा आणि वरच्या गाइडचा खांब अगदी खाली आणून ब्लेडच्या दोन्ही बाजूंची फट बघा. आता खांब पूर्ण वर न्या आणि पुन्हा बघा. फट बदलली तर खांब ब्लेडला समांतर नाही, म्हणजे लाकडाची जाडी बदलेल तशी दर वेळी गाइड नव्याने लावत बसावं लागणार. लहान यंत्रांत हा दोष फार आढळतो, आणि ज्या यंत्रात तो नाही ते बाकी बाबतींतही सहसा नीट बनवलेलं असतं.

गाइड बेअरिंगचे असोत की ठोकळ्यांचे, दोन्ही चालतात. ते टेबलाच्या वर आणि खाली दोन्हीकडे असावेत आणि अ‍ॅलन कीने नेमके हलवता यावेत. बाजूचे गाइड ब्लेडपासून कागदाच्या जाडीइतके दूर आणि दातांच्या खाचांच्या जरा मागे ठेवायचे. मागचं बेअरिंग मोकळं चालताना ब्लेडला टेकू नये, लाकूड ढकललं की मात्र लगेच टेकावं. टेबलावर गुण्या ठेवून ब्लेड काटकोनात येतं का ते पाहा. शेवटी यंत्र चालू करून टेबलावर जुनं जाड पाच रुपयांचं नाणं उभं करून ठेवा. चालू होताना ते पडलं तर फारसं बिघडत नाही. चालत्या यंत्रावर ते उभंच राहत नसेल तर चाकांचा तोल किंवा बेल्ट यात खोट आहे.

घरात आणल्यावर

यंत्राला अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट द्यावा. वीज गेल्यावर स्विच आपोआप बंद होणारा, म्हणजे नो-व्होल्ट प्रकारचा असावा. आपल्याकडे वीज जाते तशी अचानक येतेही, आणि त्या क्षणी आपला हात ब्लेडजवळ असू शकतो.

टेबल सॉसारखं लाकूड अंगावर फेकण्याची खोड बँडसॉला नाही, कारण ब्लेडचं ओढणं खाली, टेबलाकडे असतं. म्हणून तो गरीब वाटतो आणि माणूस गाफील होतो. वरचा गाइड लाकडाच्या पाच-सहा मिलिमीटर वर आणून ठेवावा, म्हणजे उघडं ब्लेड कमी राहतं आणि चीरही सरळ जाते. हातमोजे घालू नयेत. गोल दांडा नुसता हातात धरून कधीच कापू नये. ब्लेड त्याला गरकन फिरवतं. व्ही आकाराची खाच पाडलेल्या ठोकळ्यात तो बसवावा. लांब चिरेतून लाकूड मागे घ्यायचं असेल तर आधी यंत्र थांबवावं, नाहीतर ब्लेड चाकांवरून पुढे ओढलं जातं.

भुशाकडे दुर्लक्ष करू नये. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात निश्चित कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवलं आहे. बँडसॉ बारीक भुसा करतो आणि बराचसा टेबलाखालीच उधळतो. यंत्राच्या तोंडाला व्हॅक्यूम जोडून वर मास्कही लावावा. आणि ओंडके आणून फळ्या पाडून विकायचा बेत असेल, तर तो छंद राहत नाही. लाकूड चिरण्याच्या गिरणीला वनखात्याचा परवाना लागतो, तेव्हा आधी वनखात्याच्या कचेरीत चौकशी करावी.

एवढं करूनही दोन यंत्रांत मन घोटाळतं. अशा वेळी दोन्हींच्या ब्लेडची लांबी लिहून घ्यावी आणि पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी, किंवा जवळच्या ब्लेडवाल्याकडे, दोन्ही मापं विचारावीत. १० इंचीत ७०½ इंच आणि डेल्टाच्या घाटाच्या १४ इंचीत ९३½ इंच ही मापं खूप रुळलेली आहेत. लहान यंत्रांत मात्र प्रत्येक कंपनीचं माप निराळं असू शकतं, आणि त्याच लांबीत पातळ ब्लेड मिळणं हा वेगळाच प्रश्न. ज्या यंत्राची पातळ, दोन आणि तीन सुती ब्लेडं आठवड्याभरात हातात पडतील ते घ्यावं, मग दुसऱ्याची मोटर थोडी मोठी का असेना. आणि पैसे देण्याआधी त्याच पावतीवर तीन ब्लेडं जोडून घ्यावीत : वळणांसाठी एक, सरळ चिरण्यासाठी एक, आणि पहिल्या दडलेल्या खिळ्यासाठी एक.